टेन्शन, कॅल्शियम आणि बाबांची बीपीची गोळी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, घर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. बाबा बावन्न वर्षांचे, आठ एकर वावर, त्यातलं तीन एकर ओलिताचं. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात त्यांचं बीपी १७०/१०४ निघालं, आठवड्यानं पुन्हा मोजलं तर १६४/१००, आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. बाबा म्हणतात, "मले टेन्शनचा बीपी आहे, कापूस इकला का उतरते." तुम्ही वाचलंत की ही गोळी कॅल्शियमचे चॅनेल बंद करते. तिकडे आईला हाडांसाठी कॅल्शियमच्याच गोळ्या चालू आहेत. एकाला कॅल्शियम द्यायचं आणि दुसऱ्याचं अडवायचं, हे काय गौडबंगाल आहे, बाबांनी दूध सोडायचं का, आणि मुळात टेन्शनच्या हार्मोन्सचा रक्तवाहिनीतल्या या चॅनेलशी संबंध काय, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्न तीन दिसतात, पण घरात अडलंय ते एकाच ठिकाणी. टेन्शनमुळे बीपी आलं असेल तर टेन्शन गेल्यावर गोळीही सुटली पाहिजे, असा बाबांचा हिशेब आहे. मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, आणि दर कापसाच्या हंगामात हा हिशेब मला कुणी ना कुणी मांडून दाखवतं. त्यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या भरवशावर माणसं गोळी सोडतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच सांगून ठेवतो, बाबांना मी तपासलेलं नाही. त्यांची किडनी, साखर, ईसीजी मला माहीत नाही. गोळीचा डोस वाढवायचा, कमी करायचा की दुसरी जोडायची, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी सांगतोय ते त्यामागचं कारण.

ओपीडीत बीपीचा पट्टा बांधण्याआधी मी पेशंटचा हात हातात घेतो. मे महिना असतो, बाहेर पंचेचाळीस अंश, कूलरसुद्धा गरम हवा फेकत असतो, आणि समोरच्या कास्तकाराचा तळहात गार आणि ओला लागतो. अंगात ताप नाही, अशक्तपणा नाही. फक्त बँकेची नोटीस खिशात घेऊन तो सरळ माझ्याकडे आलेला असतो. त्या क्षणी त्याच्या त्वचेतल्या बारीक धमन्या आवळलेल्या असतात, म्हणून हात गार. तुम्ही विचारलेली सगळी गोष्ट त्या तळहातात घडत असते.

धमनीच्या भिंतीत एक स्नायू असतो, नळीभोवती गोल गुंडाळल्यासारखा. तो आपल्या मनानं हलत नाही. तो आवळला की नळी अरुंद होते, सैल झाला की रुंद. बीपीच्या दृष्टीनं मोठ्या धमन्यांपेक्षा केसाएवढ्या बारीक धमन्या महत्त्वाच्या, कारण तिथला गणिताचा नियम फार कडक आहे. नळीतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या जेमतेम १६ टक्क्यांनी कमी झाली की अडथळा दुप्पट. एवढासा आवळ कुणाला जाणवतही नाही, पण बीपीच्या आकड्यात तो दिसतो.

हा स्नायू आवळण्याचा हुकूम कॅल्शियमचा असतो. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी नगण्य ठेवलेलं असतं, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. पेशी ते सतत बाहेर काढत असते किंवा आतल्या कोठारात भरत असते. त्यामुळे आत थोडंसं कॅल्शियम शिरलं तरी तो मोठा इशारा ठरतो. ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी एका एन्झाइमला जागं करते, ते एन्झाइम मायोसिनला, म्हणजे स्नायू ओढणाऱ्या प्रथिनाला, फॉस्फेट जोडतं आणि स्नायू आवळतो.

स्नायूला कॅल्शियम लागतं हे कळलं त्याची हकीकत मला शिकवताना नेहमी आठवते. १८८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके पाहत होते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय छान चालायचं. शुद्ध केलेल्या पाण्यात केलं की थोड्या वेळात थांबायचं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. आपल्याकडे बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, त्यातही मुख्यतः तेच असतं.

आता चॅनेलकडे येऊ. पेशीच्या आवरणात कॅल्शियमसाठी दारं असतात. बीपीच्या संदर्भात महत्त्वाचं ते एल-प्रकारचं. हे दार विजेच्या फरकावर चालतं. धमनीच्या स्नायूपेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ४० ते ६० मिलिव्होल्टनं ऋण असते. हा फरक कमी झाला की दार जास्त वेळा उघडतं, वाढला की मिटतं.

माणूस घाबरला, चिडला किंवा चिंतेत पडला की दोन ठिकाणांहून रसायनं सुटतात. धमन्यांभोवती सिम्पथेटिक, म्हणजे आणीबाणीत शरीराला सज्ज करणाऱ्या, नसांचं जाळं असतं, त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून रक्तात मुख्यतः अ‍ॅड्रिनॅलिन. ही रसायनं पेशीवरच्या ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरांवर बसतात त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले, आणि आजही आम्ही त्याच भाषेत बोलतो.

नॉरअ‍ॅड्रिनॅलिन धमनीच्या स्नायूवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर बसतं. इथं एक गैरसमज होतो की ते सरळ जाऊन कॅल्शियमचं दार उघडतं. तसं नाही. रिसेप्टर आत निरोप धाडतो, त्यातून दोन दूत तयार होतात. पहिला, आयपी-३, पेशीच्या आतल्या कोठाराचं झाकण उघडतो, तिथलं कॅल्शियम लगेच बाहेर पडतं. दुसरा, डीएजी, प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला चेतवतो. या सगळ्या धांदलीत आवरणातले आणखी काही आयन-मार्ग उघडतात, आतली बाजू कमी ऋण होते, आणि मग एल-प्रकारची दारं उघडू लागतात. कोठारातलं कॅल्शियम आवळण्याची सुरुवात करतं. आवळ टिकून राहतो तो बऱ्याच अंशी या दारांतून येत राहणाऱ्या कॅल्शियममुळे.

आणखी एक वाट आहे, आणि ती पुढे उपयोगी पडेल. तोच निरोप ऱ्हो-कायनेज नावाच्या एन्झाइमलाही जातो. मायोसिनवरचं फॉस्फेट काढून स्नायू सैल करणारं जे एन्झाइम असतं, त्याला हे रोखून धरतं. त्यामुळे आहे तेवढ्याच कॅल्शियमवर स्नायू जास्त आवळलेला राहतो. या वाटेला नवं कॅल्शियम लागतच नाही.

अ‍ॅड्रिनॅलिनची गोष्ट थोडी उलटी. पायांच्या, मांड्यांच्या स्नायूंतल्या धमन्यांवर बीटा-२ रिसेप्टर भरपूर असतात. तिथं अ‍ॅड्रिनॅलिन बसलं की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा आणखी एक दूत वाढतो, पोटॅशियमचे मार्ग उघडतात, आतली बाजू आणखी ऋण होते, कॅल्शियमची दारं मिटतात आणि धमनी सैल होते. पळायची वेळ आली तर रक्त पायांना मिळावं म्हणून. त्याच वेळी त्वचेच्या आणि आतड्याच्या धमन्या आवळलेल्या. म्हणून हात गार आणि छातीत धडधड. त्या धडधडीतही हेच कॅल्शियमचं दार आहे, पण हृदयात सायक्लिक एएमपी ते मिटवत नाही, जास्त उघडतं. एकच हार्मोन, एकाच जातीचं दार, आणि जागा बदलली की परिणाम उलटा. हृदयात हे नेमकं कसं घडतं, त्यात दाराला धरून बसलेल्या रॅड नावाच्या छोट्या प्रथिनाचा हात कसा असतो, हे २०२० मध्ये कुठे स्पष्ट झालं. बी.एस्सी.ला असाल तर हा विषय जरूर वाचा, वाचताना हरखून जाल.

हे सगळं सेकंदा-मिनिटांचं काम. टेन्शनमध्येच वाढणाऱ्या कॉर्टिसोल या स्टेरॉइड हार्मोनचं तसं नाही, ते तासा-दिवसांच्या गतीनं चालतं. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन कुठली प्रथिनं किती बनवायची, तेच बदलतं. त्याच्या प्रभावाखाली धमनीचा स्नायू नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला जास्त जोरानं उत्तर देतो, आणि धमनीच्या अस्तरातून निघणारं, तिला सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये अशा स्टेरॉइडमुळे एल-प्रकारच्या दारांची संख्याही वाढलेली दिसली आहे. शिवाय कॉर्टिसोल किडनीला मीठ धरायला लावणाऱ्या अ‍ॅल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरवरही बसू शकतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात फक्त रक्तवाहिनीच्या स्नायूतून हा रिसेप्टर काढलेल्या उंदरांचं बीपी वयानुसार तितकं चढलं नाही, आणि त्यांच्यात एल-प्रकारच्या दारांचं कामही कमी भरलं. हा पुरावा बराचसा उंदरांचा आणि पेशींचा आहे. तुमच्या बाबांच्या बीपीतला किती भाग कॉर्टिसोलचा, हे कुठल्याही तपासणीनं मोजून देता येत नाही, आणि त्यासाठी कुणी रक्त काढायला सांगितलं तर पैसे घालवू नका. तशी तपासणी लागते, पण वेगळ्या संशयासाठी. त्याबद्दल पुढे लिहितो.

थोडक्यात इथवरचं असं: टेन्शनची घाईची रसायनं कॅल्शियम आत येऊ देतात, कॉर्टिसोल स्नायूला त्या रसायनांबद्दल हळवं करून ठेवतं, आणि दोन्ही वाटा शेवटी स्नायूपेशीतल्या कॅल्शियमपाशी येऊन मिळतात.

आता बाबांच्या गोळीचं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की काही औषधं कॅल्शियमची आत येण्याची वाट अडवून स्नायू सैल करतात. अ‍ॅम्लोडिपिन त्याच कुळातलं. ते एल-प्रकारच्या दाराला चिकटतं. आणि ज्या पेशींची आतली बाजू कमी ऋण असते, म्हणजे ज्या थोड्या आवळलेल्याच राहतात, तिथल्या दारांना ते जास्त घट्ट चिकटतं. धमनीचा स्नायू तसाच असतो, हृदयाचा दोन ठोक्यांच्या मध्ये बराच शांत होतो. म्हणून नेहमीच्या डोसमध्ये ही गोळी धमन्या सैल करते आणि हृदयाच्या जोराला फारसा हात लावत नाही.

तुमच्या मनात येईल, टेन्शनची रसायनंच रोखली तर? तशी औषधं आहेत. अल्फा रिसेप्टर अडवणाऱ्या गोळीनं उठल्यावर चक्कर येते, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत डॉक्साझोसिन या अशाच गोळीचा गट २००० मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात हार्ट फेल्युअर जास्त आढळलं. बीटा अडवणाऱ्या गोळ्या हृदयविकारात मोलाच्या, पण साध्या बीपीत पहिली पसंती नाही. आणि बीपी चढवणारी रसायनं फक्त टेन्शनची नसतात. मीठ, किडनीपासून सुरू होणारी, धमन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनची साखळी, वयानुसार ताठरलेल्या धमन्या, हे सगळं आहेच. म्हणून वेगवेगळे नाले अडवत बसण्यापेक्षा जिथं बरेचसे एकत्र येतात तिथं बांध घालणं शहाणपणाचं. आपल्या वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत २०१७ पासूनच्या राष्ट्रीय बीपी नियंत्रण उपक्रमात सुरुवातीची गोळी अ‍ॅम्लोडिपिनच ठेवली गेली, ती स्वस्त, दिवसातून एकदा घ्यायची आणि भरवशाची आहे म्हणून.

पण मर्यादाही सांगतो. मघाशी ऱ्हो-कायनेजची वाट सांगितली, कोठारातलं कॅल्शियम सांगितलं. ही गोळी त्यांना पूर्ण अडवत नाही. त्यामुळे गोळी चालू असतानाही भांडण झालं, सावकाराचा फोन आला, तर बीपी उसळी मारेलच. गोळी उसळी थांबवत नाही, ज्या पातळीवरून उसळी निघते ती खाली आणते. १४०चा माणूस चिडून १६५ला जाणं आणि १७०चा माणूस १९५ला जाणं, यातला फरक मेंदूच्या बारीक धमनीला विचारा.

अशी उसळी दिसली म्हणून घरी जादा गोळी देऊ नका. मी शिकत होतो तेव्हा निफेडिपिनची (बाबांच्या गोळीच्याच कुळातल्या औषधाची) कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याची पद्धत सर्रास होती. बीपी झटकन पडायचं आणि सगळ्यांना बरं वाटायचं. पण त्या झटक्यात काही रुग्णांना लकवा मारला, काहींना हार्ट अटॅक आला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याविरुद्ध स्पष्ट इशारे आले. धमन्या एकदम सैल करणं आवळण्याइतकंच वाईट ठरू शकतं.

आता कापूस विकल्यावर गोळी सोडण्याबद्दल. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं.

माझा एक पेशंट, तुमच्या बाबांच्याच वयाचा. डिसेंबरात कापूस विकला, भाव बरा मिळाला, पीककर्जाचं निम्मं भरलं. गोळी बंद केली. दोन दिवसांनी उपकेंद्रात मोजलं तर १३२/८४. "पाह्यलं ना जी, टेन्शनचाच होता," असं त्यानं नर्सताईंना सांगितलं. झालं होतं असं की अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जातं. निम्मं कमी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. दोन दिवसांनी त्यानं मोजलं ते गोळी सोडल्यानंतरचं बीपी नव्हतंच, उरलेल्या औषधाचं होतं. आठ-दहा दिवसांनी ते पूर्ण उतरलं आणि बीपी निमूटपणे मूळ जागी आलं. तोवर मोजायचं काही कारण उरलं नव्हतं, कारण त्याला काहीच त्रास नव्हता. फेब्रुवारीत भावानं त्याला आणलं तेव्हा उजव्या हातात पेला धरता येत नव्हता आणि बोलणं जड झालं होतं. बीपी १९८/११२. आज तो चालतो, पण वखर धरू शकत नाही.

लकवा हा आपल्या भागात किती मोठा प्रश्न आहे हे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं गावोगावच्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा दिसलं. २०११ ते २०१३ या काळात त्या गावांतल्या दर सातातला एक मृत्यू लकव्यानं झालेला होता, आणि ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं.

टेन्शन गेलं तरी बीपी का राहतं? कारण वर्षानुवर्षं जास्त दाबाखाली राहिलेल्या बारीक धमन्या स्वतःची घडण बदलतात. भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होते. किडनीही त्या वरच्या दाबाला आपली पातळी मानून मीठ-पाणी धरू लागते. सुरुवात कशानंही होवो, पुढे ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. काही माणसांत मात्र बीपी खरोखरच फक्त दवाखान्यात चढतं, घरी बरोबर असतं. बाबा त्यातले आहेत का, हे बोलून कळणार नाही, मोजूनच कळेल. घरी यंत्र आणा किंवा उपकेंद्रात सोय करा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, हात छातीच्या उंचीला ठेवून, प्रत्येक वेळी दोनदा मोजा. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्यावर म्हणजे जास्त. ही वही डॉक्टरांसमोर ठेवली की गोळी कमी करायची की वाढवायची, यावर खरं बोलणं होऊ शकतं. उन्हाळ्यात घामानं आणि सैल धमन्यांनी बीपी थोडं उतरतं, कधी उठताना अंधारी येते. तेव्हाही गोळी आपल्या मनानं तोडू नका, उभं राहून मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

बाबा खर्रा खातात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे पन्नाशीचा कास्तकार म्हटलं की मी ते आधी विचारतो. निकोटीन नसांच्या टोकांतून आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून तीच रसायनं बाहेर काढतं जी टेन्शन काढतं. दिवसाला चार पुड्या खर्रा म्हणजे चार वेळा बँकेची नोटीस, शरीराच्या लेखी फरक नाही. "खर्रा खाल्ला का डोकं शांत होते" असं प्रत्येक जण सांगतो. डोकं शांत होतं ते तलफ भागल्यामुळे, धमन्या त्या वेळी आवळतच असतात. खर्ऱ्यातल्या चुन्यातही कॅल्शियम असतं, म्हणून त्याचा गोळीशी काही संबंध लागेल असं मला एकानं विचारलं होतं. त्याचा संबंध नाही. नुकसान तंबाखूचं आणि सुपारीचं आहे, आणि ते पुरेसं आहे.

दुसरं म्हणजे झोप. ओलिताला लाइन रात्रीची येते. माणूस अकराला वावरात जातो, तीनला परततो, सहाला उठतो. रात्री झोपेत सिम्पथेटिक नसा विसावतात आणि बीपी नैसर्गिकरीत्या दहा-वीस टक्के उतरतं. ती उतरणच गेली तर धमन्यांना चोवीस तासांत विसावा मिळत नाही. वीज मंडळाचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण ओलिताच्या आठवड्यात दुपारी दीड-दोन तास झोप ही चैन समजू नका, आणि घरातल्या कुणी त्याबद्दल टोचून बोलू नये.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी बाजारात किंवा दारावर मिळणारी बिनानावाची पुडी. अशा पुड्यांत कितीतरी वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणजे कॉर्टिसोलचा सख्खा भाऊ, बाहेरून, रोज, कितीतरी पट. माझ्याकडे आलेल्या एका माऊलीचं तोंड गोल सुजल्यासारखं झालं होतं, हाताची कातडी पातळ होऊन जरा आपटलं तरी निळं पडायचं, आणि तीन गोळ्यांवरही बीपी आवरेना. पुडीचं नाव काढायला तिला तीन भेटी लागल्या. अशी पुडी सापडली तर एकदम बंदही करू नका, कारण तेवढ्या काळात स्वतःची अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेली असते आणि अचानक बंद केल्यानं माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांच्या हाताखाली उतरवावी लागते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तरी बीपी चढतं. आणि रोजच्या काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तोही बंद करा. कॉर्टिसोलला किडनीत निष्प्रभ करणारं एन्झाइम तो अडवतो, त्यानं बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं.

मघाशी म्हटलेला वेगळा संशय असा: डोकेदुखी, धडधड आणि दरदरून घाम यांचे एकत्र झटके येत असतील, किंवा वर सांगितल्यासारखी गोल चेहऱ्याची लक्षणं असतील, तर हार्मोनच्या तपासण्या कराव्या लागतात. असं क्वचित असतं. फवारणीच्या दिवशी घाम, चक्कर, मळमळ, डोळ्यांत पाणी आलं तर मात्र बीपीचा विचार करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता दुधाचं. बाबांनी दूध सोडू नये, आईनं गोळ्या सोडू नयेत. शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तातली पातळी पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व इतकी घट्ट धरून ठेवतात की पेलाभर दुधानं ती हलत नाही. अ‍ॅम्लोडिपिन रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही, हाडातलं काढत नाही. ते फक्त एका जातीच्या दारापाशी उभं राहतं. दाराबाहेर कॅल्शियम आधीच दहा हजार पट असताना थोडं आणखी आल्यानं काय फरक पडणार? बाबांच्या या बीपीच्या गोळ्या कुणी खूप जास्त घेतल्या तर आम्ही शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन देतो, पण ते मोठ्या डोसमध्ये, आयसीयूत. जेवणातल्या कॅल्शियमचा तिथं काही संबंध नाही. मीठ मात्र कमी करा. दिवसाला घरातलं सगळं धरून माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं-पापडही आले.

गोळी चालू असताना घोट्यांवर सूज आली तर घाबरू नका आणि सूज उतरवायला लघवीची गोळी मागू नका. बारीक धमन्या सैल होतात, पुढच्या शिरा तितक्या होत नाहीत, म्हणून पाणी झिरपतं. लघवीच्या गोळीनं ते फारसं जात नाही. डोस कमी करून किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी जोडून बहुधा आटोक्यात येतं.

आणि बाबांच्या टेन्शनबद्दल. ते खरं आहे. गोळी त्यावर काही करत नाही, आणि बीपी खाली आलं म्हणून ते कमी झालं असंही समजू नका. कर्ज किती, कुणाचं, किती दिवसांचं, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलंय का? माझा अनुभव असा की बहुतेकांनी सांगितलेलं नसतं. तुम्ही शिकलेल्या आहात, त्यांच्याजवळ बसून कागदावर मांडायला घ्या. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, बोलणं कमी झालं असेल, "आता काही अर्थ नाही" असं तोंडातून आलं असेल, तर सरळ विचारा, जीवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का म्हणून. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मी ओपीडीत विचारतो तेव्हा माणसं रडतात आणि बोलू लागतात. फवारणीची औषधं घरात ठेवू नका, कुलुपात आणि दूर ठेवा. बीपीच्या गोळ्यांचाही मोठा साठा एका ठिकाणी नको. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. बाबा करणार नसतील तर आधी तुम्ही करा.

पुढच्या भेटीला लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), साखर आणि ईसीजी झालंय का ते विचारून घ्या. जाताना बीपीची वही, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि कुठली पुडी असेल तर तीसुद्धा सोबत न्या.